तारप्याच्या जागी

डहाणूच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं चित्रकला शिकवून श्यामकांत राऊत निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात मुख्याध्यापक त्यांच्या चित्रांबद्दल दोन वाक्यं बोलले आणि त्यांच्या निवडणूक ड्युटीबद्दल पंधरा मिनिटं. त्यात नवल नव्हतं. ऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद, एक्क्याण्णव, चारही लोकसभांना राऊत गुरुजी केंद्राध्यक्ष होते आणि चारही वेळा त्यांनी तलासरीकडची केंद्रं स्वतःहून मागून घेतली होती. उधवा, वेवजी अशी नावं ऑर्डरवर दिसली की बाकीचे मास्तर आजारपणाचे दाखले जोडत. गुरुजी मात्र मतपेट्यांच्या ट्रकमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसून हौसेनं निघायचे. तरुणपणी त्या भागातल्या आश्रमशाळेत त्यांची नऊ वर्षं गेली होती. वारली बोली त्यांना घरच्यासारखी यायची.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागून राहिली होती. ती म्हणजे बाद मतं. मतमोजणीच्या टेबलावर त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. एकाच मतपत्रिकेवर चार चिन्हांवर चार शिक्के. शिक्का पाठीमागे. शिक्क्याऐवजी अंगठा. माणसं चार-चार मैल चालत येतात, उन्हात रांगेत उभी राहतात आणि त्यांचं मत बादच्या गठ्ठ्यात जातं, हे त्यांना सहन होत नसे. घरी आल्यावर जयमालाबाईंना ते म्हणायचे, "अगं, त्यांना कोणी शिकवलंच नाही. चूक त्यांची नाही."

म्हणून त्र्याण्णव साली मुंबईची एक संस्था मतदारांसाठी तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन डहाणू-तलासरीत आली, तेव्हा पहिलं नाव गुरुजींचं लागलं. मतदारयादीत सुटलेली नावं घालायची, ओळखपत्रांच्या फोटोसाठी पाड्यावरच्या लोकांना जमवायचं आणि मत कसं द्यायचं ते शिकवायचं, असं ते काम. नोकरी होती तोवर रविवारी, आणि निवृत्तीनंतर रोज, गुरुजी पाडे पालथे घालू लागले. शहाण्णवच्या लोकसभेआधी फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत त्यांनी एकशे बारा शिबिरं घेतली. मेमध्ये मतदान झालं, जूनमध्ये प्रकल्प संपला. त्या भागातली बाद मतं एकदम घसरली होती. संस्थेनं छापलेल्या पुस्तिकेत गुरुजींचा फोटो आला. मतदानाचा खोटा कागद हातात धरलेले, समोर बायाबापड्या बसलेल्या. जयमालाबाईंनी तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

जानेवारी सत्त्याण्णवमध्ये या संपलेल्या प्रकल्पाचं मूल्यमापन करायला अदिती नावाची एक मुलगी मुंबईहून डहाणू रोडला उतरली. ती प्रकल्पाच्या संस्थेची नव्हती. वेगळ्या संशोधन केंद्रातून आलेली, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, कमी बोलणारी. तिच्याबरोबर दुभाषा म्हणून येणारे आश्रमशाळेचे शिक्षक ऐन वेळी तापानं पडले आणि मग कोणीतरी राऊत गुरुजींचं नाव सुचवलं.

"खरं म्हणजे हे चालत नाही," जीपमध्ये बसता बसताच अदिती म्हणाली. "तुम्ही प्रकल्पातले. तुमच्याच कामाबद्दल मी विचारणार आणि लोकांचं उत्तर मला तुम्हीच सांगणार."

"मी मध्ये नाहीच असं समजा," गुरुजी म्हणाले. "शब्दाला शब्द सांगेन."

त्यांना त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. उलट, आपण केलेलं काम बाहेरचं कोणी जाऊन बघणार याचा त्यांना आनंदच होता. धर्मेश ड्रायव्हरनं तलासरी नाक्यावरून जीप उधव्याच्या रस्त्याला घातली. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या, मधूनच ताडाची झाडं. गुरुजी बोट दाखवून सांगत होते, या पाड्यात अमुक शिबिर, त्या पाड्यात तमुक. अदितीच्या मांडीवर एकतीस प्रश्नांचे फॉर्म होते. फॉर्मच्या माथ्यावर लाल शाईत एक सूचना होती: मत कोणाला दिले हे विचारू नये. मतदार सांगू लागल्यास थांबवावे.

खडकपाड्यात पहिलं घर भीमाचं लागलं. कारवीच्या भिंतींचं, अंगण नुकतंच सारवलेलं. भीमा गुरुजींचा आश्रमशाळेतला विद्यार्थी. आता चाळिशीचा झाला होता, उंबरगावला कारखान्यात जायचा. आज त्याची सुट्टी होती. त्याची बायको पुतळी अंगणात पाट मांडून बसली. यादीतून निवडलेलं नाव तिचं होतं. आत जाऊन तिनं ओळखपत्र आणलं. अदितीनं ते उलटसुलट पाहून फॉर्मवर खूण केली. नाव बरोबर आहे का, फोटो तुमचाच का, केंद्र किती लांब, कोणी धमकावलं का, काही आमिष दाखवलं का, असे प्रश्न भराभर पुढं सरकले. पुतळी मोकळी बाई. प्रत्येक उत्तराला हसत होती.

"मत कसं द्यायचं हे कोणी शिकवलं?"

पुतळीनं गुरुजींकडं बोट केलं. अदितीसुद्धा हसली.

"मतदानाच्या दिवशी काही अडचण आली का?"

गुरुजींनी प्रश्न वारलीत सांगितला.

"आली ना," पुतळी म्हणाली. "तारपा नव्हता."

गुरुजींना वाटलं, ती गंमत करतेय. "कसला तारपा?"

"तुझा. तू कागुदावर काढलेला." वारली माणूस कलेक्टरलाही तू म्हणतो, गुरुजी तर घरचेच. "आत गेलू, कागुद उघडला, तर तारपा नाय. घागर नाय, शिडी नाय, काय नाय. सगली दुसरी चित्रा. घाबरलू मी. मंग आठवला, वरून तिसरा घर तारप्याचा. मंग तारप्याच्या जागी मारला. बरोबर ना?"

ती शाबासकीची वाट पाहत त्यांच्याकडं बघत राहिली.

शिबिरात दाखवायला खरी चिन्हं वापरायची नाहीत, असा नियम होता. म्हणून गुरुजींनी स्वतः एक खोटी मतपत्रिका काढली होती. चार चौकटी: घागर, शिडी, तारपा, छत्री. चारही चित्रांत तारपा, वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, सगळ्यांत उत्तम उतरला होता. भोपळ्याचा फुगीर गळा, खाली बांबूच्या नळ्या, पुढं ताडपानाचं तोंड. कागद उघडला की लोकांची नजर तारप्यावर जायची आणि चेहरे खुलायचे. म्हणून शिक्का मारून दाखवताना गुरुजी तो तारप्यावरच मारायचे. लोक टाळ्या वाजवायचे. आणि ते त्यांच्याच बोलीत म्हणायचे, "अठं मारा." अठं म्हणजे इथं. "नीट अठं. शिक्का इकडंतिकडं गेला तर मत बाद."

हे सगळं त्यांना एका क्षणात आठवलं असं नाही. आधी फक्त कानात काहीतरी गरम झालं.  मग "अठं मारा" हे आपलेच शब्द त्यांना आपल्याच आवाजात ऐकू आले.

"काय म्हणाल्या?" अदितीनं पेन वर करून विचारलं.

"त्या..." गुरुजींची नजर फॉर्मवरच्या लाल शाईवर गेली. "मत कुणाला दिलं ते सांगतायत."

"नको, नको. थांबवा त्यांना. ते आपण ऐकायचंच नाही." तिनं घाईघाईनं पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं. अडचणीच्या रकान्यात 'नाही' वर खूण झाली.

ओटीच्या खांबाला टेकून भीमा ऐकत होता. त्याला मराठी येत होतं, गुजरातीही येत होतं.  फॉर्म संपवून अदिती शेजारच्या घराकडं वळली, तेव्हा तो गुरुजींच्या जवळ आला.

"गुरुजी, बाईनं तसं नाय सांगला."

"मला माहीत आहे."

"ती बोलली तसाच झाला. सगल्या पाड्याचा."

"तुझंसुद्धा?" गुरुजींनी विचारलं. "भीमा, तुला वाचता येतं. मी शिकवलंय तुला. नावं वाचली नाहीस?"

"वाचली. एक नाव माझ्या ओळखीचा पण होता. त्याला द्यायचा होता मला." भीमा त्यांच्याकडं न बघता बोलत होता. "पण तू सांगलास, दुसरीकडं गेला तर बाद. मी बोललो, गुरुजी खोटा नाय सांगायचा. सरकारचाच नियम असेल."

त्या दिवशी खडकपाड्यात अकरा घरं झाली. प्रत्येक दारात गुरुजी तेच ऐकतील या भीतीनं उभे राहिले आणि बहुतेक दारांत तेच ऐकलं. कोणी विचारल्यावर सांगितलं, कोणी न विचारता. शुक्रा नावाच्या माणसानं मातीत काडीनं चार चौकटी आखून तिसरीवर बोट दाबून दाखवलं. हाल्या म्हातारा तर छाती काढून म्हणाला, "आमच्या पाड्याचा एक पण मत बाद नाय झाला. तिसऱ्या घरातच मारला सगल्यांनी. तू शिकवलास तसा." प्रत्येक वेळी अदितीनं पेन वर केलं आणि प्रत्येक वेळी गुरुजींनी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली. म्हातारा खूष आहे म्हणतो. शिबिर आवडलं म्हणतात. हे असं करताना आपल्याला घाम फुटलाय, हेही त्यांना धर्मेशनं पाण्याची बाटली पुढं केली तेव्हा कळलं.

परतीच्या वाटेवर अदिती पुढं बसून फॉर्म चाळत होती. "खूप चांगलं काम झालंय तुमचं," ती मागं वळून म्हणाली. "इतकी स्पष्ट उत्तरं मी कुठं पाहिली नाहीत."

गुरुजी बाहेर बघत होते. त्यांना मे महिन्यातली डहाणू रोडच्या चहाच्या दुकानातली चर्चा आठवत होती. मतपत्रिकेवर तिसऱ्या घरात कोणीतरी अपक्ष होता. या भागात त्याला कोणी पाहिलेला नव्हता, त्याची एक सभा झाली नव्हती, एक भिंत रंगली नव्हती. निवडून काही तो आला नाही, त्याच्या आसपासही नाही. पण त्याला मिळालेली मतं बघून सगळे चाट पडले होते. कोणी म्हणालं दारू वाटली असेल, कोणी म्हणालं जातीचं गणित असेल. मोजणीआधी सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र कालवलेल्या, त्यामुळं कुठल्या गावची मतं ते कळायला मार्ग नव्हता. त्या चर्चेत गुरुजीही होते. तेही हसले होते.

एकशे बारा शिबिरं. आणि चित्र चांगलं उतरलं म्हणून संस्थेनं त्याच कागदाच्या प्रती काढून दुसऱ्या कार्यकर्त्यांनाही दिल्या होत्या. त्या कार्यकर्त्यांना गुरुजींनीच शिकवलं होतं, शिक्का कसा मारून दाखवायचा ते.

घरी पोचल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. जयमालाबाई दिवेलागणीच्या वेळी तुळशीपाशी होत्या. आत येऊन बघतात तर हे ओटीवर भिंतीला टेकून बसलेले.

"बरं नाही का वाटत?"

गुरुजींनी सांगितलं. मध्ये न थांबता, खालच्या आवाजात. जयमालाबाई ऐकता ऐकता खालीच बसल्या. त्या कागदाचा स्टेन्सिल त्यांनीच गिरवला होता, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली.

"पण मग... कोणाचं काही नुकसान?" त्या म्हणाल्या. "तो माणूस पडलाच ना. निकाल तर बदलला नाही."

"नाही बदलला."

"मग कशाला उकरून काढता? त्या मुलीला कळणार नाही. लोक खूष आहेत. आठ महिने झाले त्याला."

गुरुजी म्हणाले, "जयमाला, चौऱ्याऐंशी साली उधव्याच्या केंद्रावर एका पुढाऱ्याचा माणूस म्हाताऱ्या बाईबरोबर पडद्याआड जायला बघत होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढला. त्याला म्हटलं, तिचं मत तिचं आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मला कशाचा अभिमान असेल तर त्याचा." ते थांबले. "तो एका बाईबरोबर जात होता. मी किती जणींबरोबर आत गेलो?"

जयमालाबाई उठल्या. त्यांनी ताट वाढलं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वेवजी. रात्रभर गुरुजींनी एकच आशा धरली होती, की हा खडकपाड्यापुरताच घोटाळा असेल. एका पाड्यात गैरसमज होतो, एकमेकांचं बघून पसरतो. वेवजीला गुजरातची हद्द लागून, लोक जास्त हिंडलेफिरलेले. तिथं असं होणार नाही.

पहिलं नाव बायजी नावाच्या बाईचं होतं. ती गवताचे भारे बांधत होती, हात न थांबवता उत्तरं देत होती. ओळखपत्र आहे. मत दिलं. कोणी धमकावलं नाही. मग अडचणीचा प्रश्न आला आणि बायजीनं भारा खाली ठेवला.

"गुरुजी, तू फसवलास आमाला," ती हसत म्हणाली. "तारपा दाखवलास, नि तठं तारपा नाय! मंग काय करणार? तिसऱ्या घरात मारून आलू."

अदितीचं पेन वर झालं. "काय म्हणाल्या?"

धर्मेशनं जीपचं बॉनेट उघडलं होतं, त्याचा आवाज झाला. बायजी दोघांकडं आलटून पालटून बघत होती. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्या म्हणाल्या," ते सावकाश बोलू लागले, "गुरुजी, तू आम्हाला फसवलंस. तारपा दाखवलास आणि तिथं तारपा नव्हता. मग आम्ही तिसऱ्या चौकटीत शिक्का मारून आलो."

अदितीला समजेना. "म्हणजे?"

मग गुरुजींनी खांद्याला लावलेली पिशवी उघडली, तळाशी उरलेला एक कोरा नमुना काढला आणि तिच्या फॉर्मवर पसरला. घागर, शिडी, तारपा, छत्री. कुठं शिक्का मारून दाखवायचो, काय म्हणायचो, लोकांनी काय ऐकलं, ते सगळं सांगितलं. आणि काल आपण पुतळीच्या अंगणात काय केलं तेही सांगितलं.

अदिती कागदाकडं बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. 

"काल किती जणांनी हे सांगितलं?"

"अकरातल्या नऊ."

"आणि तुम्ही मला म्हणालात, शिबिर आवडलं म्हणतात."

"हो."

"शब्दाला शब्द म्हणाला होतात."

गुरुजींनी मान खाली घातली.

"किती शिबिरं?"

"माझी एकशे बारा. बाकीच्यांची वेगळी."

"प्रत्येक ठिकाणी तुम्ही तारप्यावरच मारलात? एकदाही छत्रीवर नाही? घागरीवर?"

"लोक हसायचे," गुरुजी म्हणाले. "त्यांना आवडायचं म्हणून." आणि इतक्या वेळ आवरून धरलेलं रडू त्यांना तिथं, बायजीच्या गवतापाशी उभ्या उभ्या आलं. बायजी गडबडली. काय झालं ते तिला कळेना. तिनं आतून तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं आणि अदितीला दरडावून विचारलं, "काय बोललीस त्याला?"

अदितीला ते कळलं नाही आणि या वेळी कोणी भाषांतरही केलं नाही.

ती जीपच्या पायरीवर बसली. एकतीस प्रश्नांचा फॉर्म तिनं पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "यात हे कळेल असा एकही प्रश्न नाही," ती म्हणाली. "मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही, बरोबरच आहे. पण मत द्यायचं म्हणजे काय करायचं असतं, एवढंसुद्धा आम्ही विचारलेलं नाही. बाद मतं कमी झाली एवढं बघून मी कालच तुमच्या कामाला चांगला शेरा लिहून टाकला होता." तिनं कालचे अकरा फॉर्म काढून प्रत्येकावर आडवी रेघ मारली. मग वेवजीच्या फॉर्मची पाठ उलटली आणि बायजीचं वाक्य मराठीत, जसंच्या तसं लिहून घेतलं. "आजपासून तुम्ही दुभाषे नाही, गुरुजी. पण जाऊ नका. मला बाकीच्या पाड्यांची यादी लागेल."

पुढच्या पंधरा दिवसांत दुसरा दुभाषा घेऊन ती चोवीस पाड्यांत गेली. खडकपाड्यातही परत गेली. एकोणीस पाड्यांत तेच निघालं. प्रकल्पाच्या संस्थेतले लोक मुंबईहून धावत आले. लोकांची आठ महिन्यांपूर्वीची आठवण हा काही पुरावा नव्हे, असं त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसानं गुरुजींनाच समजावलं आणि तुम्ही वयानं थकला आहात, मनाला लावून घेता, असंही सुचवलं. अदितीनं ऐकलं नाही. अहवालात चार पानं त्यावर आली, गुरुजींनी सही करून दिलेल्या निवेदनासकट. त्याचं पुढं काय झालं ते गुरुजींना कोणी कळवलं नाही. जयमालाबाईंनी कपाटाच्या दारावरचा फोटो काढला नाही. गुरुजींनीच एके दिवशी तो नखानं खरवडून काढला.

त्या वर्षाच्या शेवटी लोकसभा बरखास्त झाली. फेब्रुवारीत परत मतदान होणार असं जाहीर झालं, आणि गुरुजी तलासरीच्या एस.टी.त बसले. आता ना प्रकल्प होता, ना जीप. ते सरळ खडकपाड्यात गेले आणि भीमाच्या अंगणात लोकांना बोलावलं. चाळीसेक माणसं जमली. गुरुजींनी बसायला दिलेला पाट घेतला नाही, उभेच राहिले.

"माझी चूक झाली," त्यांनी वारलीत सुरुवात केली. "तिसऱ्या घरात मारा असा कसलाही नियम नाही. नव्हताच. मी फक्त नमुना दाखवत होतो. ज्याला पाहिजे त्याच्या चित्रावर मारायचा. कुठंही मारला तरी बाद होत नाही, एकाच घरात असला म्हणजे झालं."

 मग हाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग आमचा मत गेला कोणाला?"

गुरुजींनी त्या अपक्षाचं नाव सांगितलं.

"कोण तो?"

"मला माहीत नाही. मीही त्याला कधी पाहिला नाही."

 शुक्राच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, हसल्यासारखा, पण तो हसत नव्हता. मागं उभ्या असलेल्या बायांत कुजबुज झाली आणि एकदम थांबली. गुरुजींना वाटलं होतं, लोक चिडतील, शिव्या देतील, त्यांनी त्याची तयारी केली होती. पण लोक नुसते एकमेकांची तोंडं बघत होते, घरात चोर येऊन गेला हे वर्षानं कळावं तसे.

पुतळी पुढं आली. आज ती हसत नव्हती.

"माझी सासू, सोमी," ती म्हणाली. "तिचा नाव यादीत कधी नव्हताच. तूच घातलास. सत्तर वर्षांची बाई, पयल्यांदा मत द्यायला गेली. चालवत नव्हता तिला, आमी पाठीवर नेली. परत आल्यावर बोटाची शाई आठ दिस सगल्यांना दाखवत फिरली. नि त्याच पावसात गेली." ती आणखी एक पाऊल पुढं आली. "तिचा जन्मात एकच मत झाला, गुरुजी. तो पण तिचा नव्हता?"

गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांना वाटलं होतं, सत्य सांगून टाकलं की निदान ओझं हलकं होईल. सोमी त्यांना आठवत होती. फोटोच्या दिवशी तिनं पदर चार वेळा सारखा केला होता.  शेवटी पुतळीच मागं फिरली आणि घरात निघून गेली.

मतदानापर्यंत गुरुजींनी एकट्यानं एकतीस पाडे केले. सकाळची एस.टी., मग पायपीट. पिशवीत आता कागद नव्हता, नुसता एक शिक्का नि कोऱ्या वहीची पानं. ते काही दाखवत नसत. पानावर लोकांनाच चौकटी आखायला लावत, चित्रंही त्यांनाच काढायला लावत, आणि शिक्का त्यांच्या हातात देऊन स्वतः पाठ फिरवून उभे राहत. एकतीसपेक्षा जास्त झालं नाही. गुडघा सुजला आणि दिवस संपले.

मतदानाच्या दिवशी ते उधव्याच्या शाळेपासून लांब, आखलेल्या हद्दीच्या बाहेर, एका सागाखाली उभे होते. या वेळी ते कोणीच नव्हते, ना केंद्राध्यक्ष ना शिक्षक. खडकपाड्याची रांग हलत नव्हती. आतून एका कर्मचाऱ्याचा त्रासलेला आवाज येत होता, "अहो बाई, लवकर करा, मागं लोक खोळंबलेत!" हाल्या म्हातारा आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. शुक्राचंही तसंच.

पुतळी दुपारी बाहेर आली. गुरुजींना बघून ती आधी दुसऱ्या वाटेनं निघाली, मग थांबली आणि जवळ आली.

"जाम येल लागला," ती म्हणाली. "सगली चित्रा बघितली. दोनदा."

गुरुजींनी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मग त्यांना राहवलं नाही.

"भीमा नाही आला?"

पुतळीनं बोटावरची ओली शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात दूर धरला होता. ती त्याकडंच बघत म्हणाली, "तो कामाला गेला उंबरगावला. मी बोललू, चल. तो बोलला, मला वाचता येत होता तरी मी दुसऱ्याचा ऐकला. आता मी जात नाय."

ती पाड्याच्या वाटेला लागली. गुरुजी पाच वाजेपर्यंत, दार बंद होईपर्यंत, तिथंच उभे राहिले. उंबरगावकडून येणारा प्रत्येक टेम्पो त्यांनी पाहिला. भीमा आला नाही.